दगड काळजाचा

रत्नागिरीजवळच्या एका वाडीत दोघे भाऊ राहत. थोरला आंब्याची कलमं बघे, धाकटा भजनी मंडळात पखवाज वाजवी. विशी ओलांडली आणि धाकट्याचा पखवाज बंद पडला. मग मित्र तुटले, आंघोळ टळू लागली. दिवसभर पडवीत बसून असे. विचारलं तर एका शब्दात उत्तर.

वडील, म्हणजे आबा, गेले तेव्हा घर रडत होतं. धाकट्याच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिरडी उचलली तसा तो म्हणाला, "वहिनी, चहा आहे?"

वाडी म्हणाली, "दगड आहे दगड." थोरल्याने बोलणं टाकलं. तोंड उघडलंच तर "आळशी, फुकटखाऊ" एवढ्यासाठी.

पुढे धाकटा रात्री भिंतीशी पुटपुटू लागला. वहिनीने वाडीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना सांगितलं. त्यांनी हट्टाने त्याला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात न्यायला लावलं.

डॉक्टर म्हणाले, "हा स्किझोफ्रेनिया. कानात आवाज येणं, संशय घेणं ही त्याची एक बाजू. इच्छा, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव आटणं ही दुसरी. पहिलीला लोक वेड म्हणतात, दुसरीला माज. दोन्ही आजारच."

"पण बाप गेला तरी रडला नाही हो!"

"चेहरा कोरा म्हणून मन कोरं नसतं. अशा रुग्णांना सिनेमातले प्रसंग दाखवून अभ्यास झालेत. चेहऱ्यावर फारसं उमटत नाही, पण विचारलं तर ते सांगतात, वाटलं इतरांइतकंच. तुम्ही विचारलंत कधी?"

थोरला वळला. "आबांची आठवण येते रे?"

"रोज," धाकटा म्हणाला. चेहरा तसाच.

डॉक्टरांनी बजावलं, "गोळ्यांनी आवाज कमी होतील. उमेद यायला जास्त वेळ लागेल, तिथे गोळ्या कमी पडतात. रोज एक छोटं काम द्या. आणि टोमणे बंद. घरात सतत टीका झाली की आजार उलटण्याचा धोका वाढतो."

थोरल्याने लहान कलमांना पाणी घालायचं काम त्याला दिलं. कधी होई, कधी राही. राहिलं तरी कोणी बोलत नसे. पखवाज अजून खुंटीलाच आहे. पण गोळ्या चुकत नाहीत, आणि दोघे भाऊ एका पंक्तीला जेवतात.

तात्पर्य : चेहऱ्यावरून काळीज मोजू नये. बोलतं-चालतं पोर महिनोन्‌महिने असं मिटत गेलं, तर नावं ठेवण्याआधी डॉक्टर गाठावा. कुठे जावं ते कळत नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ला १४४१६ वर फोन करावा, तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.