राखणदाराची राखण

तांबूला आमच्या घरी कोणी आणलं नव्हतं. एका आषाढात पाऊस चार दिवस कोसळत होता, तेव्हा तो आपणहून पडवीत येऊन उलट्या ठेवलेल्या इरल्याखाली बसला. दीडेक महिन्याचं पिल्लू असेल. आयेने त्याच्यापुढे करवंटीत पेजेचं पाणी ठेवलं, त्यात सुक्या बांगड्याचं डोकं कुस्करून टाकलं आणि म्हणाली, "आता ह्यो खय जाता!" झालं. दत्तकविधान एवढंच.

आमच्याकडची सगळी कुत्री अशीच आली. विकत घेतलेलं एकही नाही. आजो म्हणायचा, "आपण कुत्र्याक पाळणव नाय, कुत्रो आपणाक पाळता." लहानपणी मला हे नुसतं बोलणं वाटायचं. पण आमच्या भागात गावाला राखणदार असतो. त्याला वर्षाला नारळ, कोंबडा ठरलेला. रात्री तो सीमेवरून फिरतो, त्याच्या काठीचा आवाज येतो, असं सांगणारी माणसं अजून आहेत. त्याची राखण द्यायची एखाद्या वर्षी चुकली तर अख्खी वाडी अस्वस्थ होते. आणि दारातला जो राखणदार खरोखर रात्रभर भुंकत फिरतो, त्याच्या वाट्याला काय, तर खरवडलेलं टोप. आये दर गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालते. आमच्या जिल्ह्यातलं माणगाव हे टेंबे स्वामींचं जन्मगाव, त्यामुळे दत्तभक्ती घरोघर. तसबिरीत दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत, ते चार वेद. त्या वेदांना हळदकुंकू लागतं. तांबूने मात्र माजघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की "हाडऽ!"

तरी आयेने त्याची निगा केली नाही असं कोणी म्हणू नये. पावसाच्या तोंडाला गोचीड सुरू झाले की दुपारी ती त्याला मांडीजवळ घेऊन बसायची. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी. चिमटीत अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, पिळायचा नाही, नाहीतर तोंड आत राहून तिथे पिकतं. काढलेला गोचीड नखाने चिरडायचा नाही, करवंटीतल्या रॉकेलात टाकायचा. हे तिला कोणी शिकवलं देव जाणे. पुढे जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, वर एक नवीन गोष्ट सांगितली. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावर राहत नाही. ती गळून पडते, चिऱ्याच्या भिंतीवर चढते आणि फटीत हजारांनी अंडी घालते. म्हणजे कुत्रं धुऊन काढलं आणि भिंत तशीच ठेवली, तर पंधरवड्यात पुन्हा तेच. त्या वर्षापासून तांबूच्या कोपऱ्यातल्या फटी आम्ही चुन्याने बुजवू लागलो. त्याआधीचा आमचा एक कुत्रा गोचीडतापाने गेला होता. खाणं सोडलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या, शेवटी नाकातून रक्त. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली.

२०१६ च्या सुमारास दोडामार्गाकडे माकडतापाने माणसं दगावली, तेव्हा गोचीड या शब्दाचीच धास्ती बसली. हा ताप पहिल्यांदा सापडला १९५७ साली, शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात. तो पसरवणारे गोचीड रानातले, आणि आपल्या दारच्या कुत्र्यावर असतात ते बहुतेक निराळे. पण धास्तीला एवढा फरक कळत नाही. आमच्या वाडीतल्या एकाने कुत्र्याचे गोचीड एकदाचे संपवायचे म्हणून आंब्यावर फवारायचं औषध पाण्यात कालवून त्याच्या अंगाला चोळलं. कुत्र्याने अंग चाटलं. तोंडाला फेस आला, पाय लटपटले, दिवेलागणीपर्यंत खेळ संपला. गोचीड पण मेले म्हणा. तो माणूस दुष्ट नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने माडाखाली खड्डा खणून कुत्र्याला पुरलं आणि दोन दिवस जेवला नाही. त्याचं पाप लागलं की नाही, यावर खळ्यात बरीच चर्चा झाली. बहुतेकांचं म्हणणं, मनात वाईट नव्हतं ना, मग पाप कसलं. मीही तेव्हा मान हलवली होती.

आता माझी गोष्ट सांगतो.

आमच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. मार्गशीर्ष-पौषापासून पुढे, रात्रीची. मादी सुरूच्या बनापर्यंत वर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, झाकते, आणि मागे वळूनही न बघता समुद्रात जाते. पूर्वी ती अंडी माणसं खायची, विकायची. आजोनेही खाल्ली होती, आणि चवीचं वर्णन तो न लाजता करायचा. १९७२ च्या कायद्याने ते बंद झालं, निदान उघडपणे. मग वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून घरटी राखायचं काम सुरू केलं. हळूहळू ते आमच्या जिल्ह्यात वायंगणी, तांबळडेगपर्यंत आणि इतरही किनाऱ्यांवर आलं. आमच्याकडे दोन पोरं पहाटे बॅटरी घेऊन किनारा चालायची, कासवाच्या पावलांचा माग बघून घरटं शोधायची आणि अंडी कुंपणाच्या आत नेऊन पुरायची. पण त्यांच्या आधी कुत्री पोचायची. कुत्र्याला माग शोधावा लागत नाही, त्याला वासच येतो.

एका पहाटे तांबूने घरटं उकरलं. पोरांनी मला बोलावून नेलं. वाळूवर फुटलेली टरफलं, पिवळा चिकट चिखल, त्यावर कावळे. तांबू तोपर्यंत घरी येऊन पडवीत झोपला होता, थुंकीला वाळू लागलेली. मी घरी आलो आणि त्याला काठीने मारलं.

महाभारताच्या सुरुवातीला, आदिपर्वात, सरमेची गोष्ट आहे. जनमेजयाचं सत्र चालू असताना सरमा या देवशुनीचं पोर तिथे येतं, आणि जनमेजयाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू हविर्द्रव्याला तोंड लावलंस का? ते म्हणतं, नाही, मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग सरमा सत्रात येऊन जाब विचारते. कोणाकडेच उत्तर नसतं, आणि ती शाप देते की, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच एका मार खाल्लेल्या कुत्र्याची तक्रार मांडून ठेवली आहे. तांबूने तोंड लावलं होतं, हे खरं. पण तासाभरापूर्वी उकरलेली अंडी आणि आता पाठीवर पडणारी काठी यांचा संबंध कुत्र्याला लागत नाही. त्याला एवढंच कळलं, की झोपलेलं असताना हा माणूस मारतो. पुढे आठवडाभर मी जवळ गेलो की तो उठून उभा राहायचा.

पोरांनी मला साधी गोष्ट मागितली. थंडीचे चार महिने, रात्री जेवणापासून पहाट सरेपर्यंत, तांबूला बांधून ठेवा. मागणी रास्त होती. कासवाची बाजू घ्यायला किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं. मी मालवणच्या बाजारातून साखळी आणली, चामड्याचा पट्टा आणला, आणि खळ्याच्या कडेच्या फणसाला कडी अडकवली.

आये म्हणाली, "तेका रातीचो बांधू नको. वाघ येता."

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. तो येतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. वाडीतून वर्षाला दोन-तीन कुत्री जातातच. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं, तेव्हा त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षाही मोठा. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो याचसाठी. पण तांबूची स्वतःची युक्ती होती. वाघाचा वास आला की तो भुंकत भुंकत मागे सरायचा आणि पडवीच्या टोकाला रचलेल्या लाकडांमागच्या फटीत शिरायचा. तिथे पंजा पोचत नाही. सहा वर्षं तो त्या फटीच्या जोरावर जगला होता. हे मी बघितलं होतं. साखळी लावताना आठवलं नाही, असंही म्हणता येणार नाही. फणसापासून ती फट वीस पावलांवर, आणि साखळी चार हातांची.

माघातल्या एका रात्री तो भुंकला. दोन वेळा, मग साखळीचा आवाज. मला वाटलं कोल्हे असतील, माडाच्या राईत नेहमी फिरतात. अंगावर गोधडी होती, बाहेर दव पडत होतं. मी उठलो नाही.

सकाळी साखळीला पट्टा होता. वाळलेल्या पानांवर ओढत नेल्याचा माग व्हाळापर्यंत, पुढे काही नाही. आये बराच वेळ चुलीशी बसून राहिली. मग म्हणाली, "मोकळो आसतो तर लाकडांमागे शिरलो आसतो." त्यानंतर या विषयावर तिने मला एक शब्द ऐकवला नाही. त्याच आठवड्यात पोरं उत्साहाने सांगत आली, की एक घरटं अभंग मिळालं, शंभराच्या वर अंडी आहेत. त्यांना मी काही बोललो नाही. त्यांनी चुकीचं काही मागितलं नव्हतं.

माझ्या मनात वाईट नव्हतं. आंब्याचं औषध चोळणाऱ्याच्याही मनात नव्हतं. त्याला माफ करताना मी जी मान हलवली होती, ती स्वतःसाठी हलवायला गेलो तर हलेना. त्याला ते औषध काय करतं हे माहीत नव्हतं. मला वाघ माहीत होता, फट माहीत होती, आयेने तोंडाने सांगितलंही होतं. मी एका चांगल्या कामासाठी चांगलं वागत होतो, आणि त्या समाधानात पुढचा विचार करायचा राहिला.

युधिष्ठिराच्या कुत्र्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराज म्हणतो, आपल्यावर भिस्त ठेवून आलेल्याला टाकणं हे मोठ्या पातकांच्या तोडीचं आहे. (पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघतो, हे मला कधी आवडलं नाही. तो साधा कुत्रा असता तर गोष्ट जास्त खरी झाली असती.) आता ही गोष्ट वाचताना मला एक दिसतं, की त्या कुत्र्याच्या गळ्यात दोरी नव्हती. हस्तिनापुरापासून तो आपल्या पायांनी मागे आला. वाटेत परत फिरायला मोकळा होता. तरी युधिष्ठिर त्याचं देणं मानतो. मग ज्याच्या गळ्यात आपणच पट्टा घातला, त्याचं देणं केवढं? मोकळं कुत्रं आपली अर्धी राखण स्वतः करतं. कान, नाक, पाय, लाकडांमागची फट. बांधलं त्या क्षणी ती अर्धी राखणही आपल्याकडे येते, आणि मग गोधडीत पडून राहायचा हक्क उरत नाही. त्याला बांधलं हे मला अजूनही चूक वाटत नाही. बांधून मी झोपलो, ही चूक.

कोणी म्हणेल, एका गावठी कुत्र्यासाठी एवढं! मुंबईच्या भावाने फोनवर म्हटलंच. पण तो कुत्रा होता म्हणून प्रश्न लहान होत नाही. उलट, आपल्या चुकीचा जाब तो विचारणार नाही, पंचायतीत जाणार नाही, म्हणून तर तो आपणच विचारायचा.

वर्षभर आम्ही कुत्रं ठेवलं नाही. मग एक कुत्री आली, तशीच, बोलावल्याशिवाय. आयेने नाव ठेवलं चांदी. तिला पहिल्यांदा रेबीजची लस टोचून घेतली. माझ्या लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि जखमेत चुना-मिरची भरणारी म्हाताऱ्या माणसांची पिढी होती. जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवावी, हे साधं शहाणपण फार उशिरा आमच्यापर्यंत पोचलं. शेजारच्या गोव्यात सरकार आणि मिशन रेबीज यांनी मिळून गावोगाव कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. कुत्री मारून नव्हे, टोचून. चांदीचं ऑपरेशनही करून आणलं.

रात्री ती आता पडवीत असते. पडवीला मी लोखंडी जाळी बसवून घेतली. पैसे गेले, आणि पडवीची शोभाही गेली. साखळी नाही. पहाटे मी तिला घेऊन किनाऱ्यावर जातो. सुरूच्या बनाशी आलो की "ऱ्हव" म्हणायचं, ती थांबली की खिशातली चिमूटभर सुकट द्यायची. न थांबली तर काही द्यायचं नाही, हात उगारायचा नाही, मागे वळून चालू लागायचं. तीन आठवड्यांत शिकली. तांबूही शिकला असता. त्याला कोणी सुकट दिली नाही.

परवा ओल्या वाळूवर कासवाचा ताजा माग होता. चांदीने नाक वर केलं, अंग ताठ झालं. मी "ऱ्हव" म्हटलं आणि खिशात हात घातला, तर सुकट घरी विसरलेली. ती थांबली होती. तरी पोरं येईपर्यंत मी तिच्या मानेत हात घालून तिथेच बसून राहिलो.

फणसाची साखळी अजून तशीच आहे. तिची एक कडी आता सालीत रुतत चालली आहे. दोनदा काढायला गेलो. आये म्हणते, "ऱ्हवांदे."