पाटीवरचं दुसरं नाव

टेक्ससमध्ये नव्यानं काम सुरू केलेल्या समुपदेशकाला आपलं नाव एकट्यानं मिरवता येत नाही. पाटी असो, वेबसाइट असो की जाहिरात, त्याच्या नावासोबत त्याच्या सुपरव्हायझरचं नाव लागतं. तसा तिथला नियम आहे. पदव्युत्तर पदवी हातात असते, लेखी परीक्षाही पार पडलेली असते, तरी स्वतंत्र परवान्यासाठी ३००० तासांचं काम बाकी असतं. त्यातले १५०० तास प्रत्यक्ष क्लायंटसमोर बसून भरायचे. दिवसरात्र राबलं तरी हे सगळं दीड वर्षाच्या आत उरकता येत नाही. शिवाय दर महिन्याला किमान चार तास सुपरव्हायझरपुढे बसून केलेल्या कामाचा हिशेब द्यायचा.

अमेरिकेतही हे एका रात्रीत झालं नाही. समुपदेशकांना परवाना देणारं पहिलं राज्य व्हर्जिनिया, साल १९७६. शेवटचं कॅलिफोर्निया, २००९. म्हणजे सगळा देश एका रांगेत यायला तेहतीस वर्षं लागली, आणि आजही राज्याराज्यांत तासांचे आकडे वेगळे आहेत. पुण्यामुंबईत मानसशास्त्रात एम.ए. करून लग्नानंतर डॅलसला गेलेल्या मुलीला याचा दणका चांगलाच बसतो. तिथे बहुतेक ठिकाणी साठ क्रेडिटची पदवी लागते. आपली त्यात बसत नाही. मग निम्मा अभ्यासक्रम पुन्हा करा आणि त्यानंतर ते तीन हजार तास.

आपल्याकडे काय आहे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी १९९२चा भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा आहे. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. (हजार रुपयांत हल्ली एक सेशनही होत नाही.) २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला, त्यात ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ कोण, याची लांबलचक व्याख्या आहे. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मनोविकार समाजकार्यकर्ते, परिचारिका, अगदी आयुर्वेद आणि होमिओपॅथीतले या विषयाचे पदव्युत्तरही त्यात आहेत. साधा समुपदेशक नाही. शाळेत, कॉलेजात, कौटुंबिक न्यायालयात, एचआयव्ही केंद्रात, हेल्पलाइनवर ज्याच्याशी माणसं खरोखर बोलतात, तोच कायद्याला दिसत नव्हता. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोगाच्या कायद्यानं पहिल्यांदा समुपदेशकांना परिशिष्टात जागा दिली. त्या नोंदणीची घडी अजून बसते आहे. तोवर सदाशिव पेठेत खोली भाड्यानं घेऊन ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावणाऱ्याला कोणी हटकत नाही. वीकएंडचा कोर्स केलेलाही तोच शब्द लावतो, पंधरा वर्षं मुरलेलाही तोच.

मागणी मात्र थांबलेली नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं दाखवलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, असं त्यात आहे. आता प्रत्येक कॉलेज माणूस शोधणार. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलं-मुली या खुर्च्यांवर बसणार, आणि बसल्या दिवसापासून एकटी असणार.

म्हणून ‘परवाना आणा’ ही मागणी रास्त आहे. पण परवान्याच्या घाईत सुपरव्हिजन हे निव्वळ त्याचं शेपूट होऊन बसेल, अशी मला धास्ती वाटते. सुपरव्हिजनच्या एका तासात नेमकं काय घडतं, ते जवळून पाहिलं तर धास्तीचं कारण कळेल.

समजा, कॉलेजातली एक तरुण समुपदेशक सेशनचा तुकडा शब्दशः लिहून घेऊन आली आहे. विद्यार्थ्याचं नाव बदललेलं. तो म्हणतो, ‘बाबांना सांगू नका, मी दोन पेपर दिलेच नाहीत.’ त्यावर हिचं उत्तर: ‘अरे, बॅकलॉग काय, पुढच्या सेमला निघतो.’ सुपरव्हायझर मॅडम पेन्सिल तिथेच टेकवतात. ‘तो बाबांबद्दल बोलला, तू पेपरांबद्दल. बाबा कुठे गेले?’ मुलगी कागदाकडे बघत राहते. मग म्हणते, ‘मला भीती वाटली, मॅडम. तो पुढे काय सांगेल याची.’ ‘काय सांगेल असं वाटलं?’ ‘जिवाचं काही बरंवाईट...’ ‘मग ते विचारायचं. सरळ, त्याच शब्दांत. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही.’ पुढची वीस मिनिटं दोघी तो प्रश्न कसा विचारायचा, हेच घोकतात. मुलगी तीनदा अडखळते, चौथ्यांदा प्रश्न नीट येतो. अशी वीस मिनिटं कुठल्याही विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत मावणार नाहीत.

‘मला भीती वाटली’ हे ती बोलू शकली, म्हणून पुढचं सगळं झालं. पण याच मॅडमच्या सहीवर तिचा परवाना अडकलेला असता तर ती हे बोलली असती का? निकोलस लॅडनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये अमेरिकेतल्या शिकाऊ थेरपिस्टांना विचारलं, तुम्ही सुपरव्हायझरपासून काही लपवता का? ९७ टक्क्यांहून अधिक जणांनी काही ना काही दडवल्याचं सांगितलं. सुपरव्हायझरबद्दलचा राग दडवला, आपल्या चुका दडवल्या, क्लायंटबद्दलच्या नकोशा भावना दडवल्या. आता यात नवल काय? ज्याच्या हातात आपली पोटापाण्याची दोरी, त्याच्यापुढे आपण किती उघडे होतो, हे पीएच.डी.च्या गाइडपुढे उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारा.

ब्रिटनमध्ये नेमकी उलटी तऱ्हा. तिथे ‘कौन्सेलर’ या नावाला कायद्याचं संरक्षण नाही, कुणीही लावावं. पण तिथल्या मोठ्या व्यावसायिक संघटनेची मान्यता हवी असेल तर महिन्याला दीड तास सुपरव्हिजन, आणि तेही काम करत असेपर्यंत. तीस वर्षांचा अनुभव असलेलाही कुणापुढे तरी केस घेऊन बसतो. टेक्ससमध्ये परवाना मिळाला की सक्ती संपते, जणू ३००१व्या तासाला माणसाचे आंधळे कोपरे उजळतात. मला विचाराल तर कायद्याची बाजू अमेरिकेची भक्कम, समज मात्र ब्रिटनची खोल.

एक कबूल करायला हवं. सुपरव्हिजनमुळे क्लायंट अधिक बरे होतात, हे संशोधनानं अजून पक्कं सिद्ध केलेलं नाही. समुपदेशकाचा आत्मविश्वास वाढतो, तो काम सोडून पळत नाही, एवढं बऱ्यापैकी दिसतं. पुढचा दुवा सैल आहे. तरीही मी सुपरव्हिजनच्या बाजूनं उभा आहे, आणि त्याचं कारण गोव्यात आहे.

‘संगत’ ही संस्था गोव्यात १९९६पासून काम करते. तिनं मानसिक आरोग्याचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक तरुणांना नैराश्यावरचा एक छोटा, सहा ते आठ सेशनचा उपचार शिकवला आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली छापून आलेल्या चाचणीत ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी या सेशनांच्या गटात ६४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. या यशात सुपरव्हिजनचा वाटा किती, हे त्या चाचणीनं वेगळं मोजलेलं नाही. पण रचना बघण्यासारखी आहे. सेशन रेकॉर्ड व्हायची, समुपदेशक एकत्र बसून ती ऐकायचे आणि ठरलेल्या पट्टीवर एकमेकांना गुण द्यायचे. आधी तज्ज्ञ सोबत असत, पुढे गट स्वतःच चालू लागला. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळत होते. इथे कुणाची सही कुणाच्या डोक्यावर टांगलेली नव्हती. आज तुझी टेप, उद्या माझी.

आपले नियम अजून पुरते घट्ट झालेले नाहीत, तोवर दोन कामं वेगळी करता येतील. परवाना द्यायला योग्य कोण, हे तिऱ्हाईतानं तपासावं: रेकॉर्ड केलेली सेशन ऐकून, क्लायंटची संमती घेऊन. सुपरव्हायझर मात्र समुपदेशकानं स्वतः निवडावा, आणि त्यानं फक्त तास झाल्याचं कळवावं, प्रगतिपुस्तक नव्हे. अनुभवी सुपरव्हायझर पुणे, मुंबई, ठाण्यात दाटलेले आहेत. हिंगोली, गडचिरोलीला ते जाणार नाहीत, पण व्हिडिओ कॉल जातो आणि गोव्यासारखे गट तालुक्यालाही जमतात.

उरला पैशांचा प्रश्न, आणि तोच सगळ्यांत चिवट आहे. आज शहरातल्या तरुण समुपदेशकाला सुपरव्हिजन हवी असेल तर फी बहुधा पदरची जाते, तीही तुटपुंज्या कंत्राटी मानधनातून. त्यामुळे ज्याच्या घरी पैसा आहे तो सुपरव्हिजन घेतो आणि ज्याच्याकडे सर्वांत अवघड केसेस येतात तो घेत नाही. तास आणि फी दोन्ही नेमणुकीतच धरली नाहीत, तर परवान्याचा कायदा कागदावर कितीही देखणा असो, हिंगोलीच्या कॉलेजातली मुलगी गुरुवारी दुपारी दोन तास मागायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाईल आणि ते चष्म्यावरून बघत विचारतील, ‘हे कुठल्या जीआरमध्ये आहे?’ त्या जीआरचा क्रमांक तिला सांगता आला पाहिजे.