सध्यापुरतं वचन

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. मंगळवारी सकाळी पंधरा मिनिटांची मीटिंग, दुपारी लॅपटॉप परत. मी कॅनडात राहतो, न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मॉन्क्टन शहरात. त्याच आठवड्यात बेरोजगारी विम्याचा अर्ज भरला. इथे पगाराच्या ५५ टक्के रक्कम मिळते, तीही एका कमाल मर्यादेपर्यंत. दुसरी नोकरी लागेपर्यंत माझं घरभाडं त्यातून निघालं. आणि एकानेही मला विचारलं नाही, की बाबा, दर दोन-चार वर्षांनी माणसं काढणाऱ्या धंद्यात तू राहतोसच का?

हा प्रश्न मला टोचतो, कारण तो मी स्वतः कुणाबद्दल तरी विचारला होता.

माझा एक सहकारी याच प्रांताच्या ईशान्य टोकाचा, अकेडियन पेनिन्सुला या फ्रेंच बोलणाऱ्या भागातला. त्याची आई (मी मनात तिला काकूच म्हणतो) वीसेक वर्षं खेकड्याच्या फॅक्टरीत काम करते आहे. वसंतात बोटी समुद्रात जातात तेव्हा काम सुरू होतं, उन्हाळ्यात संपतं. पुढचे महिने बेरोजगारी विम्यावर. "मग त्या दुसरं काही शिकत का नाहीत?" मी एकदा जेवताना सहज बोलून गेलो. तो म्हणाला, "शिकतील. पण गोठलेल्या समुद्राला काय शिकवणार?"

त्यानंतर मी हा विमा चालतो कसा ते वाचायला घेतलं. विमा मिळायला आधी काही तास काम केलेलं असावं लागतं, ४२० ते ७००. मग तो १४ ते ४५ आठवडे मिळतो. नेमके किती तास आणि किती आठवडे, हे तुमच्या विभागातल्या बेरोजगारीच्या दरावरही ठरतं. दर खाली आला की तास जास्त लागतात, आठवडे कमी मिळतात. ऐकायला शहाणपणाचं वाटतं: कामं भरपूर असतील तर विमा कशाला?

पण विभाग मोठा असतो. दर खाली येतो तो कुठल्या तरी दूरच्या गावात कामं निघाली म्हणून, किंवा काम शोधणारी तरुण मुलंच गाव सोडून गेली म्हणून. खेकड्याचा हंगाम त्यामुळे एका दिवसानेही वाढत नाही. आम्ही प्रोग्रॅमर याला म्हणू, की कोड बरोबर आहे, पण व्हेरिएबल चुकीचा घेतलाय. परिणाम असा, की हिवाळा संपायच्या आत विमा संपतो आणि फॅक्टरी अजून उघडलेली नसते. मधल्या त्या आठवड्यांना तिथले लोक कृष्णविवर म्हणतात. ना पगार, ना विमा.

२०१५ मध्ये जस्टिन ट्रूडोंचा लिबरल पक्ष सत्तेवर आला, तो या विम्याबद्दल काही वचनं देऊन. त्यातली काही सरळ पाळली गेली. वारंवार विमा घेणाऱ्यांनी आधीच्या पगाराच्या ७० टक्क्यांवरचं कामही स्वीकारावं, हा २०१२ चा नियम २०१६ मध्ये गेला. नव्याने कामाला लागलेल्यांसाठीची ९१० तासांची अटही गेली. यादीत टिक करून पुढे जावं अशी ही कामं.

कृष्णविवराचं तसं झालं नाही. २०१८ मध्ये पेनिन्सुलातले लोक रस्त्यावर उतरले. त्या ऑगस्टमध्ये एक पायलट प्रकल्प सुरू झाला: अटलांटिक प्रांत, क्युबेक आणि युकॉनमधल्या १३ विभागांत हंगामी कामगारांना जास्तीत जास्त ५ आठवडे वाढवून. २०१९ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने सांगितलं, की हंगामी कामगारांना भरवशाचा विमा आता कायमचा करू. त्यानंतर पायलटची मुदत वाढली. मग पुन्हा वाढली. २०२४ च्या अर्थसंकल्पाने ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत नेली.

क्युबेकच्या लाव्हाल विद्यापीठातले संशोधक सरकारच्या वचनांचा हिशेब ठेवतात: पाळलं, अर्धवट पाळलं, मोडलं. मी हा हिशेब स्वतःपुरता करून पाहिला आणि अडकलो. ५ आठवड्यांचे पैसे तर दरवर्षी मिळाले. मग वचन पाळलं म्हणायचं का?

एका शरद ऋतूत मी सहकाऱ्याबरोबर त्याच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं, त्यावर आठवडे मोजून पेनाने खुणा केलेल्या. मी विचारलं, "पण पैसे मिळतात ना दरवर्षी?" मुलाने फ्रेंचमध्ये विचारलं, त्या हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. त्याने मला सांगितलं: "मिळतात. पण मिळणार होते, हे मिळाल्यावर कळतं."

माझं उत्तर मला तिथे मिळालं. काही वचनांत वस्तू दिलेली असते. पुस्तक देईन म्हटलं, दिलं, संपलं. काही वचनांत मात्र निश्चिंती दिलेली असते. तत्त्वचिंतक हाना आरेंट यांनीही वचनाकडे असंच पाहिलं: भविष्य आपल्या हातात नसतं, म्हणून वचन देऊन माणसं त्यातला थोडासा भाग पक्का करून घेतात. 'कायमचं करू' या वचनात कायमपणा हाच माल होता. तो वर्षा-दोन वर्षांच्या हप्त्यांनी देता येत नाही. पैसे पोचले, निश्चिंती पोचली नाही.

सरकारची बाजू पोकळ नाही. विमा कायमचा वाढवला तर मालक हंगाम लांबवायचा प्रयत्नच करणार नाहीत, लोक दुसरी वाट शोधणार नाहीत, ही भीती खरी असू शकते. आधी प्रयोग करून बघू, हेही योग्यच. पण प्रयोगाला शेवट असतो, निष्कर्ष असतो. आमच्या कामातही 'तात्पुरता' म्हणून लावलेला पॅच वर्षानुवर्षं चालतो. त्याला हात लावायचा धीर कुणाला होत नाही, आणि तो कायमचा आहे असं लिहून द्यायचाही नाही. फरक इतकाच, की त्या पॅचवर कुणाचं स्वयंपाकघर चालत नसतं.

मला आता असं वाटतं, की सरकारने स्पष्ट 'नाही' म्हटलं असतं तर ते वचन मोडणं झालं असतं, पण त्यात काकूंचा मान जास्त राहिला असता. 'नाही' कळल्यावर माणूस काही ठरवू शकतो. घर विकू शकतो, मुलाकडे मॉन्क्टनला येऊ शकतो, किंवा तिथेच राहून भांडू शकतो. 'सध्यापुरतं हो' मिळालं की यातलं काहीच ठरत नाही. छप्पर बदलायचं ठरतं आणि पुढच्या वर्षावर जातं. शिवाय हा पैसा दान नाही. १९९० पासून हा विमा कामगार आणि मालक यांच्याच हप्त्यांवर चालतो. काकू वीस वर्षं हप्ते भरत आल्यात. माझे तर जेमतेम तीन वर्षांचे होते.

नोकरी गेली त्या संध्याकाळी मी एक्सेल उघडून किती आठवडे विमा मिळेल ते मोजलं आणि शांत झोपलो. आकडा मोठा नव्हता. तो बदलणार नव्हता, एवढंच. कॅलेंडरवर खुणा करणाऱ्या काकूंना तेवढंच हवं आहे.