दक्षिणेचे दार आणि आडनावाची चौकशी

खामगाव, चिखली, मलकापूर, कोणत्याही गावाच्या कडेला नवे ले-आउट पडले की नकाशावरचे पूर्वमुखी प्लॉट आधी संपतात, मग उत्तरमुखी. दक्षिणेकडे तोंड असलेली रांग मागे पडून राहते आणि भाव उतरवून विकावी लागते. माती तीच, रस्ता तोच, नळाची लाइनही तीच. एजंटाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून दक्षिणमुखी घर विकायला निघालेल्या मालकाला तो ‘दोष आहे, किंमत कमी करा’ असे सांगतो आणि तेच घर घेणाऱ्याला ‘दोष किरकोळ आहे, उपाय करून घेऊ’ असे सांगतो. दोष दाखवणारा आणि दोष काढणारा एकच, आणि दलाली दोन्हीकडून.

सुशिक्षित माणूस इथे म्हणतो, वास्तुशास्त्र हे ऊन-वाऱ्याचे विज्ञान आहे. ठीक, मग उन्हाचीच परीक्षा घेऊ. ही गावे ज्यात येतात तो बुलढाणा जिल्हा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथे दुपारचा सूर्य डोक्यावर येतो आणि किंचित उत्तरेकडेच झुकतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडत नाही. हिवाळ्यात मात्र तिथूनच कलते, हवेसे ऊन आत येते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात घर भाजून निघते ते पश्चिमेच्या भिंतीमुळे. हे उन्हाचे शास्त्र असते तर दक्षिणेचे दार सर्वांत महाग विकले गेले असते. शिवाय उन्हाचा नियम अक्षांशाबरोबर बदलतो. वास्तूचा तक्ता मात्र काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच. दक्षिण ही यमाची दिशा, हे खरे कारण. ते चारचौघांत सांगायची लाज वाटते, म्हणून विज्ञानाचे नाव पुढे केले जाते.

या होकायंत्राच्या नादात जे विचारायचे ते राहून जाते, हे नुकसान मोठे आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या गावांत किडनीच्या आजाराने माणसे दगावत आली आहेत आणि लोक बोट दाखवतात ते बोअरच्या खाऱ्या पाण्याकडे. तिथे घर घेणारा ईशान्येला पाण्याची टाकी आहे का, ते बघतो. टाकीत येणाऱ्या पाण्याची तपासणी करून घेत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया कच्चा असेल तर भिंती तडकतात. तडा गेल्यावर शांत करायला गुरुजी येतात, पाया बघायला इंजिनिअर येत नाही. २०२३च्या जुलैत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराचे पाणी घरांत शिरले. त्या पाण्याने कोणत्या दाराचे तोंड कुठे आहे, हे पाहिले नव्हते.

कागदांचेही तेच. एनए आदेश, मंजूर ले-आउट, सातबारावरचा बोजा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट या गोष्टींना वेळ लागतो आणि मुहूर्त तो वेळ खाऊन टाकतो. ‘अक्षय्य तृतीयेला इसार द्या, असा योग पुन्हा नाही’ हे वाक्य धर्माचे वाटते, पण काम घाईचे करते. (याच अक्षय्य तृतीयेला आपल्याच जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते, पाऊसपाण्याचे आणि राजकारणाचे भाकीत मातीच्या घटाभोवती मांडलेल्या धान्यावरून ऐकायला लोक जमतात, तर प्लॉटचा योग मानला जाण्यात नवल ते काय?) उलट पितृपक्षात कोणी व्यवहार करत नाही. खरे तर कागद तपासायला त्याहून निवांत पंधरवडा सापडणार नाही.

शेगावात तर श्रद्धा थेट जमिनीच्या भावात उतरली आहे. गजानन महाराजांचे मंदिर किती मिनिटांवर, हे जाहिरातीत आधी येते. यात्रेकरू येतात, त्यांना खोल्या लागतात, म्हणून जागेला मागणी आहे. हे साधे अर्थकारण आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ‘महाराजांच्या छायेत घर’ अशी भाषा आली की विचारावेसे वाटते. १८७८ साली ज्यांचे पहिले दर्शन उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचताना झाले असे भक्त सांगतात, त्यांच्या नावाने चौरस फुटाचा दर वाढवताना जीभ कशी अडखळत नाही?

यावर उत्तर ठरलेले असते: श्रद्धा खासगी आहे, तुमचे काय बिघडले? वास्तुशांत करा, उंबरठ्यावर स्वस्तिक काढा, पहिले दूध उतू जाऊ द्या. माझे काहीही बिघडत नाही. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही वास्तुशास्त्राचा सल्ला आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. पण एका कुटुंबाची आयुष्याची पुंजी ‘दक्षिणमुखी’ या एका शब्दाने घटते, तेव्हा ती श्रद्धा खासगी उरत नाही. ती दुसऱ्याच्या खिशात हात घालते.

सिंदखेडराजाच्या लेकीची, जिजाऊंची कथा आपण दर १२ जानेवारीला त्यांच्या जयंतीला ऐकतो. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, तिथे वस्ती करणे अशुभ ठरले. आणि जिजाऊंनी त्याच जमिनीवर सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून लोक वसवले, असे परंपरा सांगते. सोन्याचा नांगर हाही विधीच, असे कोणी म्हणेल. होय, पण तो लोकांची भीती घालवायला होता. आजचा व्यवसाय भीती टिकवण्यावर चालतो.

आणि दिशेपेक्षा वाईट प्रश्न पुढे आहे. घर दाखवण्याआधी एजंट आडनाव विचारतो. आडनावावरून जात कळली नाही तर गाव विचारतो, मग ‘खाण्यापिण्याचं कसं?’ विचारतो. मुसलमान किंवा बौद्ध गिऱ्हाईक असेल तर दोन मिनिटांपूर्वी रिकामा असलेला फ्लॅट ‘कालच बुक झाला’ असतो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि ज्या हिंदू आणि ख्रिस्ती मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला त्या दोघांनीही टाळले. आजच्या नकारात लाठी नाही. ‘माझं काही नाही हो, सोसायटीवाले ऐकत नाहीत,’ असे एजंट म्हणतो. सोसायटीवाले म्हणतात, बाकीच्यांना चालत नाही. हे बाकीचे कोण, ते कधीच कळत नाही. १४ एप्रिलचा फलक मात्र त्याच सोसायटीच्या फाटकावर लागतो.

कायदा जाणणारा म्हणेल, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम मान्य केला आहे. केला आहे. कायद्याने चालते म्हणून ते माणुसकीत बसते, असे होत नाही. अमेरिकेत घर विकले जावे म्हणून अंगणात संत जोसेफची मूर्ती उलटी पुरणारे लोक आहेत. कायदा त्या मूर्तीला हात लावत नाही. पण धर्म पाहून घर नाकारायला १९६८ पासून तिथला कायदा विक्रेत्याला आणि दलालाला मनाई करतो. श्रद्धा आणि अन्याय यांमधली रेघ तिथे नेमकी ओढली गेली.

आपल्याकडेही प्रकल्पाची महारेरात नोंदणी करताना घरांच्या वाटपात कोणाशी भेदभाव करणार नाही, असे बिल्डरला प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावे लागते. ते किती ग्राहक वाचतात? ज्याला घर नाकारले जाते त्याच्या हाती पुरावा क्वचितच असतो, कारण नकार तोंडी असतो आणि सबब गोड असते. साक्षीदार दुसराच असतो: ‘काळजी करू नका, इथे सगळे आपल्यातलेच आहेत’ असे सांगून ज्याला घर विकले जाते तो. बुकिंगचा चेक लिहिण्याआधी एजंटासमोरच्या खुर्चीतच त्याने विचारावे की हे ‘आपल्यातले’ म्हणजे कोण, आणि उत्तर लेखी मागावे.