श्रेणीच्या शेजारचा रकाना

१ मेला झेंडावंदन झालं की आमच्या शाळेत प्रगतिपुस्तकं वाटतात. पालक ते उघडतात आणि विचारतात, "बाई, नंबर कितवा आला?" नंबर त्यात कुठेच नसतो. राज्यात २०१० साली पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि गुणांच्या जागी श्रेण्या आल्या. इतकी वर्षं झाली, तरी प्रगतिपुस्तक कसं वाचायचं हे पालकांना कुणी धड सांगितलेलं नाही.

एकदा तिसरीतल्या एका मुलाची आई कांदाकाढणीचा रोज बुडवून निकालाला आली. गणितापुढे 'क-१' होतं. "नापास केला का बाई?" तिनं विचारलं. मुलगा तिच्या मागे दडून उभा होता. मी सांगितलं, क-१ म्हणजे ५१ ते ६० टक्के. तिसरी-चौथीला शंभरातले ६० गुण वर्गात वर्षभर चाललेल्या कामाचे असतात: तोंडी काम, कृती, स्वाध्याय, चाचणी. उरलेले ४० सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचे. सातवी-आठवीला हेच प्रमाण उलटं होतं.

तिनं मान डोलावली, पण पोर नेमकं कुठे अडतं, हे तिला अजून कळलं नव्हतं. मग मी त्याची वही उघडली. ३०२ मधून १४८ वजा करायचे होते. त्यानं २४६ लिहिलं होतं. प्रत्येक घरात लहान आकडा मोठ्यातून वजा केलेला. वर काय आणि खाली काय, याचा विचारच नाही. हाच मुलगा वर्गातल्या बाजारात दोनशेच्या नोटेतून १४८ रुपयांचा माल देऊन ५२ रुपये बिनचूक परत करत होता. त्याला वजाबाकी येत होती, कागदावर हातचा घेता येत नव्हता.

आता आमची चूक सांगते. प्रगतिपुस्तकात 'सुधारणा आवश्यक' असा रकाना असतो. त्यात मी लिहिलं होतं, "गणिताचा सराव करावा." हेच वाक्य मी आणखी कित्येक मुलांना लिहिलं होतं. त्या आईनं या वाक्याचं काय करायचं? "हातच्याच्या वजाबाकीत शून्य आलं की गोंधळतो" असं लिहायला दोन मिनिटं लागली असती. ती दोन मिनिटं न देणं हा मुलावर अन्याय आहे, आणि तो आम्ही शिक्षक करतो.

पालकांकडूनही अन्याय होतो. श्रेणी बघून घरी जाताना वाटेतच पोराला बोलणी बसतात, शेजारच्याचा दाखला दिला जातो. त्यापेक्षा निकालाच्या दिवशी शिक्षकांसमोर दहा मिनिटं बसा. वही मागा. "याला काय येतं आणि कुठे अडतं, तेवढं दाखवा," असं म्हणा. हे मागणं तुमचा हक्क आहे. वाचता येत नसेल, तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. त्यात लाज कसली? पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे. त्यात आणि पुनर्परीक्षेतही मूल उत्तीर्ण झालं नाही, तर त्याच वर्गात राहतं. तेव्हा हे विचारायला मे महिन्याची वाट पाहू नका, दिवाळीआधी, पहिल्या सत्राच्या निकालालाच विचारा.

त्या आईनं वही बराच वेळ निरखली. मग मुलाला पुढे ओढून म्हणाली, "सुट्टीत कांद्याच्या गोण्यांचा हिशेब तूच लिहायचा. वहीत मांडून." मी त्या रकान्यातलं माझं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. तिनं त्याखाली सही केली, एकेक अक्षर जपून काढत.