या जेवायला, पण येऊ नका

त्या रात्री मी एका माणसाचं अर्धं जेवण खाल्लं. चोरून नाही, त्याने बोलावलं म्हणून.

मनिलाच्या ऑर्तिगास भागात एका कंपनीत मी रात्रपाळी करत होते. अमेरिकेतला दिवस तो आमची रात्र. दोन वाजता ब्रेक व्हायचा. खाली फाटकाजवळ सिक्युरिटी गार्डची छोटी खोली होती. तिच्यावरून जाताना एकदम घरचा वास आला, सुका बांगडा भाजल्यावर येतो ना, तसाच. गार्ड डबा उघडून बसला होता. भाताचा ढीग, एक कापलेला टोमॅटो, छोट्या पिशवीत व्हिनेगर आणि दोन ‘तुयो’. तुयो म्हणजे खारवून वाळवलेली छोटी मासळी. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “माम, का-इन पो तायो.” चला, जेवू या. त्यातला ‘पो’ आदराचा, आपल्या ‘अहो’सारखा.

मी बसले. हाताने जेवले. ते बघून त्यानेही चमचा बाजूला ठेवला आणि एक मासा माझ्याकडे सरकवला. भात भरपूर होता, मासे दोनच. फिलिपिन्समध्ये भाताबरोबर जे काही खातात त्याला ‘उलाम’ म्हणतात. आपलं कालवण, कोरड्यास, तोंडीलावणं, सगळं त्या एका शब्दात येतं. गरिबाच्या घरी भात पोटासाठी असतो आणि उलाम मोजून असतं. मी नेमकं मोजलेल्यातलं निम्मं उचललं होतं.

वर जाऊन शेजारच्या मैत्रिणीला हे कौतुकाने सांगितलं. ती आधी हसली. मग तिने विचारलं, “आज तारीख काय?” अठ्ठावीस. तिचं हसणं थांबलं.

तिथे बहुतेकांचा पगार महिन्यातून दोनदा होतो, पंधरा आणि तीस तारखेला. त्याच्या आधीच्या चार-पाच दिवसांना ‘पेत्सा दे पेलिग्रो’ म्हणतात, म्हणजे धोक्याच्या तारखा. आपली ‘महिनाअखेर’ त्यांच्याकडे दर पंधरवड्याला येते. त्या दिवसांत डब्यातलं चिकन जातं आणि डबाबंद सार्डिन येतात, मग इन्स्टंट नूडल्स, मग तुयो. गार्डची पाळी बारा तासांची असते. मैत्रीण म्हणाली, “अगं, ‘का-इन तायो’ला ‘बुसोग पा आको’ म्हणायचं असतं.” म्हणजे, माझं पोट अजून भरलेलंय.

मला हे कळायला हवं होतं, कारण हा खेळ आपल्याकडेही आहे. ताटावर बसलेलं असताना कुणी दारात आलं की आपण “या जेवायला” म्हणतो, आणि आलेला “बसा बसा, आत्ताच झालं” म्हणतो. त्याचं झालेलं असतंच असं नाही. दोघांनाही वाक्यं पाठ असतात. मी परदेशात होते एवढ्यावरून मला वाटलं, इथे शब्दांचा अर्थ शब्दांएवढाच असेल.

यात आणखी एक काटा होता. माझी ओळख करून देताना मी ‘मुंबईची’ म्हणाले तेव्हा गार्ड हसून म्हणाला होता, “आह, बुम्बाय!” तिथे कुठल्याही भारतीयाला बुम्बाय म्हणतात. मोठ्या कांद्यालाही बुम्बाय कांदा म्हणतात, ते सोडा. पण मुख्यतः बुम्बाय म्हणजे मोटरसायकलवरून येणारा सावकार. हे लोक बहुतेक पंजाबी. ‘फाइव्ह-सिक्स’ हा त्यांचा धंदा: पाच घ्या, सहा परत करा, रोज थोडे थोडे. कागद नाही, तारण नाही. बँक ज्यांना उभं करत नाही त्या भाजीवाल्या, मासेवाल्या, टपरीवाल्यांना हाच माणूस पैसे देतो, आणि व्याजही तोच घेतो. २०१७ साली अध्यक्ष दुतेर्ते यांनी हा धंदा मोडायचे आदेश दिले आणि सरकारी स्वस्त कर्जाची योजना आणली. मी तिथे होते तेव्हाही त्या गार्डच्या बायकोच्या दुकानाच्या दारात बुम्बाय रोज संध्याकाळी येत होता. म्हणजे एक बुम्बाय वसुली करून गेला, आणि दुसरी बुम्बाय रात्री येऊन मासा खाऊन गेली.

त्यानंतर बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात राहिला. तो ‘चला जेवू या’ म्हणाला तेव्हा खोटं बोलला का?

पहिलं उत्तर सोपं वाटतं. आपण येऊ नये अशी इच्छा मनात आणि ‘या’ तोंडात, तर ते ढोंगच. आपल्या पिढीला हे उत्तर आवडतं. मनात असेल तेच बोलावं, उगाच औपचारिकता कशाला? पण कान्टसारखा खोटेपणाच्या बाबतीत कडक माणूससुद्धा इथे नरम पडतो. १७९८ सालच्या ‘मानवशास्त्रा’वरच्या पुस्तकात त्याने अशा शिष्टाचारांना चिल्लर नाण्यांची उपमा दिली आहे. ती सोनं आहेत असं समजणारा पोरकट. पण अजिबात नसण्यापेक्षा चिल्लर बरी, आणि बराच तोटा सोसून का होईना, कधीतरी तिचं सोनं होऊ शकतं. फसवणूक नाही, कारण फसतंय कोण? सगळ्यांना किंमत माहीत आहे.

त्या रात्री पोरकट मी होते, हे मान्य. पण मला त्याच्या पुढचं म्हणायचंय. मी ती चिल्लर घेऊन सोनं मागायला गेले आणि त्या माणसाने सोनं दिलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. चेक देणाऱ्याला मनातून वाटत असेल की हा कुणी वटवू नये, तरी तो वटला तर चेक खोटा नव्हता. ‘या जेवायला’चा खरेपणा बोलणाऱ्याच्या मनात बघायचा नसतो. पाहुणा खरंच बसला तर काय होतं, तिथे बघायचा असतो.

असा भरवसा मनिलाच्या रस्त्यावर जागोजागी दिसतो. जीपनीत मागे बसलात की भाड्याची नाणी पुढच्याच्या हातात द्यायची, तो त्याच्या पुढच्याच्या, असं करत ती ड्रायव्हरपर्यंत जातात. सुटे पैसे तसेच परत येतात. (पैसे न देता उडी मारून पळणाऱ्यांना ‘वन-टू-थ्री’ म्हणतात. तेव्हा फार भारावून जायला नको.) फिशबॉलच्या गाडीवर तुम्ही स्वतः काडीने कढईतले गोळे टोचून खाता आणि शेवटी किती खाल्ले ते स्वतःच सांगता. सारी-सारी म्हणजे घराच्या खिडकीतलं जाळीमागचं किराणा दुकान. तिथे एक सिगरेट, एका वेळचं तेल, शाम्पूचा एक सॅशे असं सुटं मिळतं, आणि ‘आज उधार बंद, उद्या चालेल’ अशा अर्थाची पाटी असते. आपली ‘आज रोख, उद्या उधार’. पाटी खाली आणि उधारीची वही वर, हेही आपल्यासारखंच.

पण ‘का-इन तायो’त एक खोट आहे, आणि ती मला उशिरा दिसली.

आमच्या टीममध्ये ट्रेनिंगला एक नवीन मुलगा आला. ब्रेकला सगळे डबे उघडत, सगळे त्याला “का-इन तायो” म्हणत, तो “बुसोग पा आको” म्हणून हसत खाली चक्कर मारायला जाई. पोट भरलेल्याचं नाही आणि उपाशी माणसाचं नाही, दोन्ही शब्दाला शब्द सारखंच असतं. त्यामुळे उपाशी माणसाची लाज झाकली जाते. ही मोठी सोय आहे, मी तिला कमी लेखत नाही. पण लाजेबरोबर भूकही झाकली जाते. आम्ही आठजणांनी त्याला दहा-बारा दिवस रोज जेवायला बोलावलं आणि तो दहा-बारा दिवस जेवला नाही.

हे ओळखलं मैत्रिणीने. तिने काही विचारलं नाही. एका रात्री दोन डबे आणले आणि वैतागलेल्या आवाजात त्याला म्हणाली, “सोब्रा!” जास्त झालंय. आईने उगाच दोन माणसांचं अदोबो दिलं, फेकायला लागेल, संपव बाबा. तो बसला आणि जेवला. पुढे आठवडाभर कुणा ना कुणाचं काहीतरी ‘सोब्रा’ होत राहिलं.

हे मात्र सरळसरळ खोटं होतं. तिच्या आईने काहीही जास्त दिलेलं नव्हतं. ‘का-इन तायो’त निदान दोघांना खेळ माहीत असतो. इथे एकाला माहीत नसणं हीच अट होती. ज्या कान्टने चिल्लर चालवून घेतली, त्यानेच १७९७च्या निबंधात म्हटलंय की दारात येऊन विचारणारा खुनी असला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये. त्याच्या हिशेबात मैत्रीण दोषी. मी तो निबंध समजून घ्यायचा प्रयत्न केलाय आणि तरीही मला तो त्या डब्यासमोर टिकताना दिसत नाही. घेणाऱ्याला उपकाराखाली न आणता देता येणं अवघड असतं. तिने त्याला मदतीला आलेला माणूस बनवलं. फिलिपिन्समध्ये ‘उतांग ना लोओब’, म्हणजे मनावरचं ऋण, हा प्रकार फार जड आहे. ते ऋण पैशाने फिटत नाही आणि कधीकधी जन्मभर चालतं. ते त्याच्या डोक्यावर पडू नये म्हणून तिने आईवर खापर फोडलं.

खोटं न बोलता आणि बोलावणंही न करता हे साधायचा एक प्रयत्न त्याच शहरात होऊन गेला होता. १४ एप्रिल २०२१ला, कोविडच्या टाळेबंदीत, केझॉन सिटीच्या मागिन्हावा रस्त्यावर आना पात्रिसिया नॉन या २६ वर्षांच्या मुलीने बांबूच्या छोट्या गाड्यावर भाजी, तांदूळ, डबे मांडले. पाटी लावली: ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. कुणी विचारायचं नाही, कुणी नोंद ठेवायची नाही. तार्लाकच्या शेतकऱ्यांनी रताळी आणून दिली. काही दिवसांत देशभर अशा शेकडो ‘कम्युनिटी पँट्री’ उभ्या राहिल्या. आणि आठवड्याच्या आत, २० एप्रिलला, तिला आपली बंद ठेवावी लागली, कारण यामागे कम्युनिस्ट आहेत असा प्रचार सुरू झाला होता आणि पोलीस चौकश्या करू लागले होते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडली.

‘यांना खरंच गरज आहे का’ हा प्रश्न पाटीने काढून टाकला होता. लोकांनी तो परत आणला. एका पँट्रीवर काही बायका टेबलावरचं सगळं घेऊन गेल्याचा व्हिडिओ फिरला आणि देशभर चर्चा झाली. शिवाय रांग होतीच. न विचारता घ्यायची सोय झाली तरी रांगेत उभं असताना दिसायचं कसं टाळणार? पँट्री हजारो लोकांना पुरते आणि ‘सोब्रा’ एकाच मुलाला पुरतं, तेव्हा मोठं काय ते उघड आहे. तरी मी त्या मुलाच्या जागी असते तर मला दुसरा डबा हवा झाला असता.

गार्डचं देणं राहिलं होतं. पुढच्या महिन्यात चौदा तारखेला मी सहा पोळ्या आणि भेंडीची भाजी घेऊन खाली गेले. “कुया, का-इन तायो.” कुया म्हणजे दादा.

“बुसोग पा आको, माम.”

मी तयारी करून गेले होते. “सोब्रा पो. जास्त झाल्यात.”

त्याने डब्यात वाकून पाहिलं. सहा पोळ्या, नीट घडी घातलेल्या.

“सोब्रा? माम, बुम्बायकडे कधी जास्त नसतं. बुम्बाय मोजून आणतो.” तो बराच वेळ हसत राहिला. मग त्याने तीन पोळ्या घेतल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला.