ही उधळपट्टी कशासाठी?

घराभोवती थोडी मोकळी जमीन असली, की तिचे काय करावे हा प्रश्न आज आपल्या कुटुंबांत बहुधा पैशाच्या भाषेत विचारला जातो. एखादी खोली वाढवावी, गाडीसाठी लादी बसवावी, निदान वांगी-मिरच्या तरी लावाव्यात, असे सल्ले मिळतात. फुलबागेचे नाव काढले, की कोणीतरी विचारतेच, ‘फुलांनी पोट भरते का?’ वसईच्या ज्या वाड्यांतून सोनचाफा, मोगरा आणि जास्वंद दादरच्या बाजारात जातात, तेथे फुलांनी पोट भरतेही. परंतु जी विकायची नाहीत अशा फुलांसाठी जागा, पाणी आणि वेळ खर्च करणे योग्य आहे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे आम्हाला वाटते.

हाच प्रश्न पूर्वी बेथानी गावी विचारला गेला होता. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मरीया प्रभूच्या चरणांना जटामांसीचे मोलवान तेल लावते आणि सारे घर सुगंधाने भरून जाते. यहूदा इस्कार्योत लगेच हिशेब मांडतो : हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गरिबांना का दिले नाहीत? दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ही रक्कम जवळजवळ वर्षभराच्या कमाईइतकी होती. तरीही प्रभू मरीयेचीच बाजू घेतात. प्रेमाने केलेले काही कृत्य असे असते, की ते उपयोगाच्या मापाने मोजले तर त्याचा अर्थच हरवतो.

मात्र या प्रसंगाच्या आधारे कोणी चैनीचे समर्थन करू लागला, तर त्याने अर्धेच वाचले असे म्हणावे लागेल. गरिबांविषयी प्रभू तेथे जे बोलतात, त्याचे मूळ अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात आहे. आणि तेथे गरजू बांधवासाठी मूठ उघडी ठेवण्याची स्पष्ट आज्ञा आहे. म्हणून मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला, की शेजाऱ्याचा हंडा आधी आणि आपला गुलाब नंतर. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी झाडांना घालण्याची आपल्या आयाबायांची जुनी सवय याच विवेकातून आली असावी.

कुटुंबाने मिळून बाग करायची, तर ‘मिळून’ म्हणजे काय याचाही विचार हवा. वडिलांनी रोपे आणायची, आईने पाणी घालायचे आणि मुलांना ‘हात लावू नका’ एवढेच सांगायचे, अशी बाग साऱ्या घराची होत नाही. मुलाला एक वाफा खरोखर त्याचा म्हणून द्यावा. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांतले बी त्याने पेरावे. ते सुकले तर पुन्हा पेरावे. आजीला अबोली कोठे रुजेल ते ठाऊक असते, तिला विचारावे. बियांपासून वाढवलेला सोनचाफा फुलायला कित्येक वर्षे लागतात. लावणाऱ्याला त्याचे फूल दिसेलच असे नाही. हिवाळ्यात मोगऱ्याची छाटणी करताना मन कचरते, पण उन्हाळ्यातला बहर त्या छाटणीवर अवलंबून असतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला एदेन बागेची मशागत आणि राखण करण्यास ठेवले आहे. तेथे मशागतीसाठी योजलेल्या मूळ हिब्रू शब्दाचा दुसरा अर्थ ‘सेवा करणे’ असा आहे. बागेत आई-बाप आणि लेकरे सारखीच सेवक असतात. घरात एरव्ही हुकूम सोडणाऱ्यालाही तेथे वाट पाहावी लागते.

आसिसीचे संत फ्रान्सिस मठाच्या बागेचा एक भाग रानफुलांसाठी मोकळा सोडण्यास सांगत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याची आठवण करून दिली आहे. सर्वच जागा आपल्या मर्जीने आखायची नाही, हा संयम त्यात आहे. जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याला भाव आलेल्या आपल्या गावांना तो विशेष आवश्यक आहे.

शेवटी, बाग उधळपट्टी आहे की नाही हे तिची फुले कोठे जातात यावरून ठरेल. ती कुंपणाआड केवळ दिमाखासाठी राहिली, तर यहूदाचा आक्षेप खरा ठरतो. ती रविवारी वेदीवर, २ नोव्हेंबरला आपल्याच नव्हे तर ज्यांचे मागे कोणी उरले नाही त्यांच्याही कबरींवर, आणि आजाऱ्याच्या उशाशी पोहोचली, तर बेथानीतल्या घराप्रमाणे सुगंध घरभर पसरतो. बांधावरून ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्या शेजाऱ्यांकडे मुलाच्या हाती ओंजळभर मोगरा पाठवणे अधिक कठीण. परंतु बाग एवढे करवून घेऊ शकली, तर तिच्यासाठी सोडलेली जमीन आणि ओतलेले पाणी व्यर्थ गेले, असे कोणाला म्हणता येईल?